अकरा महिन्यांचे घर



वसंतातल्या सायंकाळी व्याख्यान ऐकावयास जमलेल्या मंडळींपुढे घरभाड्याचा विषय मांडणे काहींना रुक्ष वाटेल, याची आम्हांस जाणीव आहे. परंतु हाच तो ऋतू आहे. शाळा-कॉलेजांच्या परीक्षा आटोपतात, बदल्यांचे हुकूम निघतात आणि गावोगावी बिऱ्हाडे हलू लागतात. टेम्पोत कपाट, त्यावर गाद्या, गाद्यांवर तुळशीची कुंडी, असे दृश्य आपणांपैकी प्रत्येकाने पाहिले असेल. तेव्हा विषय रुक्ष असला तरी अवेळी खचित नाही.

आपला वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झाला. त्यापूर्वीचा जुना बाशीम जिल्हा १९०५ साली मोडला होता. म्हणजे जवळजवळ नव्वद वर्षांनी हे गाव पुन्हा जिल्ह्याचे ठिकाण झाले. जिल्ह्याचे ठिकाण म्हटले की कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांबरोबर नोकरमंडळी आली, आणि नोकरमंडळींबरोबर ‘दोन खोल्या मिळतील काय?’ हा प्रश्न आला. मालेगावहून, मानोऱ्याहून शिक्षणासाठी येणारी मुले आहेत. कारंज्यात, मंगरुळपीरला, रिसोडला गाळा भाड्याने घेऊन दुकान मांडणारे आहेत. या साऱ्यांच्या हाती एक कागद असतो आणि त्यावर एकच मुदत असते : अकरा महिने.

ही अकरा महिन्यांची मुदत कोणी ठरविली? घरमालकास विचारा, तो म्हणेल, ‘कायदाच आहे तसा.’ भाडेकरूस विचारा, तोही तेच सांगेल. आणि आम्ही आज आपणांस जे सांगावयास उभे आहोत ते एवढेच, की असा कायदा नाही. घर अकरा महिन्यांपेक्षा अधिक काळ भाड्याने देऊ नये असे कोठेही लिहिलेले नाही. जो आकडा आपण कायदा म्हणून पाळतो, तो एका जुन्या पळवाटेची सावली आहे. आणि ती पळवाट आपल्या राज्यात केव्हाच बुजली आहे.

पळवाटेचा उगम पाहू. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा सांगतो, की सालोसालचा भाडेपट्टा, एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा, किंवा वार्षिक भाडे ठरविणारा भाडेपट्टा हा नोंदणीकृत दस्तानेच करता येतो. १९०८ च्या नोंदणी कायद्यातही हेच आहे. नोंदणी म्हणजे दुय्यम निबंधकाची कचेरी, मुद्रांक शुल्क, फी आणि खेपा. त्या टाळावयाच्या तर मुदत वर्षाच्या आत ठेवावी, हा व्यवहारी माणसाने काढलेला तोडगा. वस्तुतः बारा महिन्यांनीही काम भागले असते. पण ताकही फुंकून पिणाऱ्यांनी एक महिना आणखी कमी केला, आणि अकराचा आकडा रूढ झाला. हे एवढेच त्याचे रहस्य.

परंतु केवळ नोंदणीचा खर्च वाचविण्यासाठी हा आकडा टिकला असे नव्हे. त्याच्या मागे मालकाच्या मनातली भीती आहे, आणि ती भीती समजून घेतल्याशिवाय हा विषय कळावयाचा नाही.

पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईत घरांची टंचाई झाली आणि १९१८ साली तेथे भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा आला. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ चा मुंबई भाडे कायदा झाला. त्याने भाडी सामान्यतः १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकली. आपला वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होता. आपल्याकडे १९४६ च्या कायद्याखाली १९४९ साली ‘मध्यप्रांत व वऱ्हाड घरे भाड्याने देण्याबाबत व भाडेनियंत्रण आदेश’ निघाला. १९५६ साली आपण द्वैभाषिक मुंबई राज्यात गेलो, १९६० साली महाराष्ट्रात आलो, तरी विदर्भात हाच आदेश चालू राहिला. मराठवाड्यात १९५४ चा हैदराबादचा कायदा होता. म्हणजे रिसोडकडून हिंगोलीच्या हद्दीत पाऊल टाकले की घरभाड्याचा कायदा बदलत असे. एकाच राज्यात तीन कायदे चाळीस वर्षे नांदले.

आपल्याकडच्या आदेशाची तऱ्हा निराळी होती. मालकास भाडेकरू उठवावयाचा असेल तर त्याने प्रथम भाडेनियंत्रकाकडे अर्ज करावा, कारण दाखवावे आणि लेखी परवानगी मिळवावी. मग नोटीस द्यावी. मग दिवाणी न्यायालयात दावा लावावा. कारणेही मोजकी होती : तीन महिन्यांचे भाडे थकले, भाडे थकविण्याची सवयच लागली, परवानगीवाचून पोटभाडेकरू ठेवला, किंवा मालकास स्वतःस राहावयास घर खरोखरीच हवे आहे, अशा स्वरूपाची. ज्या भागांत आदेशातील पुढील प्रकरण लागू होते, तेथे घर रिकामे झाल्यावर सात दिवसांच्या आत जिल्हाधिकाऱ्यास कळवावे लागे, आणि ते सरकारी नोकरास किंवा विस्थापितास द्यावे असा हुकूम होऊ शके. फाळणीनंतरचा तो काळ होता; डोक्यावर छप्पर नसलेली माणसे स्टेशनांवर उतरत होती. त्या काळास हे नियम शोभत होते. पण काळ पालटला आणि नियम राहिले. मुंबईच्या कायद्यातील गोठविलेल्या भाड्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये म्हटले, की काळ लोटता लोटता या तरतुदी अवाजवी झाल्या आहेत.

आपल्या भागातील मालकाच्या भीतीस आणखी एक मूळ आहे, आणि ते वावरात आहे. विदर्भासाठी १९५८ साली कूळकायदा झाला आणि १ एप्रिल १९६१ पासून कसणाऱ्या कुळांकडे जमिनीची मालकी जाण्याची तरतूद झाली. कसणाऱ्यास जमीन मिळाली हे न्यायाचेच झाले. पण जमीनमालकाच्या मनात एक धास्ती कायमची बसली : लेखी दिले की कूळ लागते. म्हणून आजही बटईचे व्यवहार तोंडी होतात. हीच धास्ती घराच्या बाबतीतही शिरली. ‘बारा वर्षे राहिला की घर त्याचे होते,’ असे पारावर ठामपणे सांगितले जाते. हे खरे नाही. घरभाड्याच्या कायद्याने भाडेकरू मालक होत नाही, बारा वर्षांनी नाही आणि पन्नास वर्षांनीही नाही. जो मालकाच्या संमतीने आत आला आणि भाडे देत राहिला, त्यास भाडेकरू म्हणून राहत असताना मालकाची मालकी नाकारता येत नाही, असे पुराव्याचा कायदाच सांगतो. भाडेकरूस मिळते ते राहण्याचे संरक्षण. वावर आणि घर यांच्यातला हा फरक आपण नीट ध्यानात घ्यावा.

आता आजच्या कायद्याकडे येऊ. महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९, हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला आणि ते तिन्ही जुने कायदे संपले. हा कायदा त्याच्या अनुसूचीत नमूद केलेल्या गावांना आणि शहरांना लागू आहे. तेव्हा आपली वस्ती त्यात येते किंवा नाही हे प्रत्येकाने पाहून घ्यावे. जेथे तो लागू नाही तेथे १८८२ च्या कायद्याप्रमाणे, म्हणजे मुख्यतः करारात लिहिल्याप्रमाणे, व्यवहार चालतो.

या कायद्यात दोन निरनिराळी माणसे आहेत आणि सगळा घोटाळा त्यांना एक समजण्यात आहे. एक भाडेकरू, दुसरा ‘लिव्ह अँड लायसन्स’वर राहणारा, त्यास आपण परवानाधारक म्हणू. भाडेकरूस जागेत हक्क मिळतो. परवानाधारकास जागा वापरण्याची परवानगी मिळते; हक्क मालकाकडेच राहतो.

भाडेकरूचे हक्क भक्कम आहेत. तो कायदेशीर भाडे देत आहे आणि अटी पाळत आहे तोवर, कागदावरची मुदत संपली म्हणून त्यास उठविता येत नाही. भाडे थकले तरी लेखी मागणी केल्यापासून नव्वद दिवस गेल्याखेरीज दावा लावता येत नाही. आणि समन्स पोहोचल्यापासून नव्वद दिवसांत त्याने सारी थकबाकी शेकडा पंधरा दराच्या सरळ व्याजासह व दाव्याच्या खर्चासह भरली, तर त्या कारणावरून हुकूमनामा होत नाही. मालकास स्वतःसाठी जागा हवी असेल तर गरज खरी व वाजवी असली पाहिजे, आणि जागा सोडण्याने भाडेकरूची अडचण मालकाच्या अडचणीहून अधिक होणार असेल तर न्यायालय नकार देते. मालकाने पाणी, वीज तोडावयाची नाही. भाड्याची पावती दिलीच पाहिजे. दुरुस्ती मालकाने करावयाची; पंधरा दिवसांची नोटीस देऊनही वाजवी काळात त्याने ती केली नाही, तर भाडेकरूने ती करून खर्च भाड्यातून वळता करावा, मात्र वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच. मालकाच्या बाजूने पाहता त्यास दरवर्षी शेकडा चार या दराने भाडे वाढविता येते.

हे सारे ऐकून आपणांस वाटेल, की भाडेकरूचे तर कल्याणच झाले! परंतु श्रोतेहो, आज नव्याने घर शोधणाऱ्या शंभर माणसांस विचारून पाहा, की तुम्हांस भाडेकरू म्हणून घर कोणी देतो काय? कोणी देत नाही. संरक्षण इतके भक्कम, म्हणूनच मालक भाडेकरू निर्माणच होऊ देत नाही. तो परवानाधारक ठेवतो. आणि राहण्यासाठी दिलेल्या जागेच्या परवानाधारकाचा हिशेब सरळ आहे. मुदत संपली की जागा सोडावयाची. सोडली नाही तर मालकाने सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावयाचा. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत प्रतिज्ञापत्र करून बचावाची परवानगी मिळविली नाही तर ताब्याचा हुकूम होतो. आणि मुदतीनंतर राहिल्याबद्दल दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. दुकानाच्या गाळ्यास हा जलद मार्ग नाही. पण घरास आहे.

मग परवानाधारकाचे म्हणून संरक्षण कोणते? करारात लिहिलेली मुदत, हेच मुख्य. भाडेकरूची ढाल कायद्याने घडविलेली आहे. परवानाधारकाची ढाल तो स्वतः लिहून घेतो तेवढीच. आणि त्या ढालीची लांबी आम्ही सर्वांनी मिळून, कोणी न सांगता, अकरा महिन्यांवर आणून ठेवली आहे!

कोणी म्हणेल, निदान नोंदणीचा त्रास तरी वाचला. तोही वाचत नाही. १९९९ च्या कायद्याचे कलम ५५ म्हणते, की कायदा लागू झाल्यानंतरचा प्रत्येक करार, मग तो भाड्याचा असो की लिव्ह अँड लायसन्सचा, लेखी असला पाहिजे आणि त्याची नोंदणी झाली पाहिजे. त्यात अकरा महिन्यांस सूट नाही, सहा महिन्यांसही नाही. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची. ती त्याने टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि शिक्षेहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. नोंदलेला करार नसेल तर जागा कोणत्या अटींवर दिली याबद्दल राहणाऱ्याचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते.

याचा अर्थ काय होतो तो पाहू. समजा, एका वृद्ध विधवा बाईंची दोन मजली जागा आहे. वरच्या मजल्याचे भाडे हाच त्यांचा उदरनिर्वाह. त्यांनी स्टॅम्प पेपरवर अकरा महिन्यांचा मजकूर टंकून घेतला, नोटरीचा शिक्का घेतला आणि निश्चिंत झाल्या. पुढे राहणारा म्हणाला, ‘मी परवान्यावर आलोच नाही, मी भाडेकरू आहे.’ नोंदणी नसल्यामुळे ते खोटे पाडण्याचा भार बाईंवर आला. ज्या कागदाने आपले रक्षण होईल असे त्यांस वाटले, त्या कागदानेच त्यांस उघड्यावर सोडले. आता दुसरी बाजू. समजा, एक शिक्षक आहेत, मुलगी दहावीत आहे. मार्चमध्ये परीक्षा, आणि फेब्रुवारीत अकरा महिने भरतात. मालक म्हणतो, दोन हजार रुपये वाढवा, नाहीतर खोल्या खाली करा. त्या महिन्यात ते गृहस्थ काय करतील? वाढ देतील, आणि पुढल्या फेब्रुवारीची वाट पाहत राहतील. या दोघांपैकी दुष्ट कोणीच नाही. दोघेही एका आकड्याचे बळी आहेत.

तर मग मुदत किती लिहावी? कायद्याने घातलेली मर्यादा कोणती? भाडेनियंत्रण कायदा कमाल मुदत सांगत नाही. मुद्रांकाच्या कायद्यात मात्र एक रेघ आहे : साठ महिने. साठ महिन्यांपर्यंतच्या लिव्ह अँड लायसन्स करारास सवलतीचे मुद्रांक शुल्क आहे. त्यापुढे भाडेपट्ट्याचे शुल्क लागते. म्हणजे पाच वर्षांपर्यंत मोकळे रान आहे. सध्याच्या दराने हे शुल्क एकूण रकमेच्या शेकडा पाव आहे. हिशेब करून दाखवितो. दरमहा ८,००० रुपये, मुदत ३६ महिने, तर भाडे झाले २,८८,००० रुपये. परत मिळणारी अनामत ३०,००० रुपये; तिच्यावर सालीना शेकडा दहा दराने तीन वर्षांचे व्याज धरतात, ते ९,००० रुपये. बेरीज २,९७,०००. तिचा शेकडा पाव म्हणजे सुमारे साडेसातशे रुपये. नोंदणीची फी वेगळी. तीन वर्षांच्या निर्धास्तीस एवढा खर्च येतो. बिऱ्हाड एकदा हलविण्यास याहून अधिक लागतो, फुटलेल्या बरण्यांचा हिशेब न धरता!

इतर देशांत काय आहे तेही थोडे पाहण्यासारखे आहे. जर्मनीत २००१ च्या सुधारणेपासून राहत्या घराचा करार ठरावीक मुदतीचा करावयाचा तर मालकास त्याचे कायदेशीर कारण लेखी द्यावे लागते, जसे पुढे स्वतःस राहावयाचे आहे किंवा घर पाडावयाचे आहे. नाहीतर करार बेमुदत समजतात. फ्रान्समध्ये १९८९ च्या कायद्याप्रमाणे बिनसामानाचे घर खाजगी मालकाने साधारणतः निदान तीन वर्षांसाठी द्यावे लागते. म्हणजे तेथे कायदा किमान मुदतीचा विचार करतो. आपल्याकडे केंद्राने २०२१ साली आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा मंजूर केला. राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी, असे त्यात आहे. परंतु राज्याने स्वीकारल्यावाचून तो लागू होत नाही. किमान मुदतीचा प्रश्न त्यातही उभयतांवरच सोपविला आहे. तेव्हा सरकार काही करील म्हणून हात बांधून बसण्यात अर्थ नाही. जे दोघांच्या सहीने होण्यासारखे आहे ते आजच करता येते.

ते कसे, हे थोडक्यात सांगून आम्ही आटोपते घेतो. तीन वर्षांचा करार करावा. वर्षाची वाढ किती ते आरंभीच आकड्यात लिहावे. मध्येच सोडावयाचे झाल्यास नोटीस किती दिवसांची, आणि ती दोघांस सारखी आहे ना, हे वाचून पाहावे. घरात मूल दहावी-बारावीस असेल तर परीक्षा होईपर्यंत जागा मागणार नाही, अशी ओळ घालून घ्यावी. चांगला मालक तीस नाही म्हणणार नाही. अनामत केव्हा व किती दिवसांत परत, भिंतींचा रंग कोणी द्यावयाचा, हे तोंडी ठेवू नये. दरमहाची पावती घ्यावी. आणि शेवटी करार नोंदवून त्याची प्रत दोघांच्या कपाटात असावी.

मालकांस आमचे सांगणे, की आपली भीती खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. पण तिचा उपाय मुदत आखूड करण्यात नाही, करार नोंदविण्यात आहे. नोंदलेला छत्तीस महिन्यांचा करार न नोंदलेल्या अकरा महिन्यांच्या कागदापेक्षा आपले घर अधिक सुरक्षित ठेवतो. २०११ च्या जनगणनेत देशातील शहरांत १ कोटी १० लाखांच्या आसपास घरे रिकामी आढळली. रिकाम्या घराची कारणे अनेक असतात. पण त्यांतली काही कुलुपे निव्वळ भीतीने लावलेली आहेत हे आपण जाणतो. कुलूपबंद घरास वाळवी लागते आणि भाडेही मिळत नाही.

भाडेकरूंस सांगणे, की मुदत मागण्यास संकोच करू नका. वाढीव भाड्यावर आपण तासभर घासाघीस करतो आणि मुदतीवर एक शब्दही बोलत नाही. वस्तुतः परवाना घेऊन राहणाऱ्यास मुदत हाच त्याचा हक्क. तो मागून घ्यावा लागतो.

जे गाव आपल्या शिक्षकांस, परिचारिकांस, कारकुनांस दर अकरा महिन्यांनी बिऱ्हाड उचलावयास लावते, त्या गावास ही माणसे कधी आपली होत नाहीत. अंगणात लावलेल्या रोपास पाणी घालावे की न घालावे, असा ज्यास प्रश्न पडतो, तो नगरपालिकेच्या नळाची आणि शाळेच्या भिंतीची काळजी कशी करील? तीन वर्षे निश्चिंतपणे राहिलेला माणूस त्या गल्लीचा होतो. ही गोष्ट कोणत्याही कायद्याने करून द्यावयाची राहिलेली नाही. तिला लागते ती दोघांची सही, दुय्यम निबंधकाचा शिक्का आणि एक जुना आकडा विसरण्याची तयारी.